नौका किती आहेत ते सोडा, डेक चालतोय का ते बघा

जगात कुठेही तणाव वाढला की दोन दिवसांत सोशल मीडियावर कोणत्या देशाकडे किती विमानवाहू नौका आहेत याचा तक्ता फिरायला लागतो. अमेरिका ११, चीन ३, भारत २, ब्रिटन २, फ्रान्स १, रशिया १. शेजारी झेंडे, खाली शे-दोनशे कमेंट्सची हाणामारी. मला या तक्त्याचा मनापासून राग येतो. आकडे खोटे असतात असं नाही. पण त्यांच्यावरून लोक जे निष्कर्ष काढतात ते जवळजवळ सगळे चुकतात, आणि ज्या गोष्टीला दशकं लागतात ती गोष्ट तक्त्यात दिसतच नाही.

रशियाचा तो १ घ्या. ॲडमिरल कुझनेत्सोव्ह. २०१६ च्या अखेरीस ही नौका सीरियाच्या किनाऱ्यापाशी गेली आणि काही आठवड्यांत तिची दोन विमानं समुद्रात गेली, एक मिग-२९के आणि एक सुखोई-३३. शत्रूनं गोळीही झाडली नव्हती. उतरणाऱ्या विमानाला अडवणाऱ्या तारांनी दगा दिला. परत आल्यावर नौका दुरुस्तीला गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्या तरंगत्या गोदीत ती उभी होती ती गोदीच बुडाली आणि क्रेन डेकवर, म्हणजे नौकेच्या वरच्या सपाट धावपट्टीवर, कोसळली. डिसेंबर २०१९ मध्ये नौकेवर आग लागली, माणसं गेली. त्यानंतर ती पुन्हा कामगिरीवर निघालेली नाही. तरी तक्त्यात वर्षानुवर्षं तो १ तसाच.

फ्रान्सचाही १ आहे. शार्ल द गोल, २००१ पासून सेवेत, अमेरिकेबाहेरची एकमेव अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका. कॅटापुल्टनं, म्हणजे विमानाला जोरात पुढे फेकणाऱ्या यंत्रानं, विमानं उडवते, आणि त्यावरची माणसं आपल्या कामात मुरलेली आहेत. रशियाच्या १ शी तिची तुलनाच होत नाही. पण २०१७ मध्ये ती मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत गेली आणि जवळपास दीड वर्ष तिथेच होती. तेवढे दिवस फ्रान्सचा खरा आकडा शून्य होता. एकच नौका असणाऱ्या प्रत्येक देशाचं हे दुखणं आहे: नौका गोदीत, की सगळंच गोदीत.

अमेरिकेला तर किमान ११ विमानवाहू नौका ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. म्हणून ११ नौका समुद्रावर असतात असं समजू नका. निमित्झ वर्गाच्या (अमेरिकेच्या बहुतेक विमानवाहू नौका याच प्रकारच्या) प्रत्येक नौकेला आयुष्याच्या मध्यावर एकदा अणुइंधन बदलायला आणि संपूर्ण डागडुजीला जावं लागतं. जॉर्ज वॉशिंग्टन ही नौका या कामासाठी २०१७ मध्ये गेली आणि २०२३ मध्ये नौदलाच्या ताब्यात परत आली. एखादी अशी अडकलेली, एखादी मोहिमेवरून नुकतीच परतलेली, एखादी सराव करून तयार होणारी. साधारण तीन नौकांमागे एक मोहिमेवर, असा जुना हिशेब आहे. २०१९ मध्ये हॅरी ट्रुमन या नौकेच्या वीजयंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा तिची जागा घ्यायची म्हणून अब्राहम लिंकन समुद्रावरच ठेवली गेली. लिंकनची ती मोहीम २९५ दिवस चालली. ११ नौका असलेल्या नौदलाची ही ओढाताण! हजारो माणसं त्या लोखंडात दहा महिने राहिली, त्यांची घरं वाट बघत राहिली.

ब्रिटनचं उदाहरण मला यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स ही नौका अमेरिकेला निघाली आणि इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या आईल ऑफ वाईट बेटाजवळच प्रोपेलर शाफ्टच्या (नौकेचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) बिघाडानं थांबली. तिच्याऐवजी दुसरी नौका, क्वीन एलिझाबेथ, गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेमकं उलटं झालं. नाटोच्या मोठ्या सरावाआधी क्वीन एलिझाबेथच्या शाफ्टमध्ये दोष सापडला आणि घाईघाईनं प्रिन्स ऑफ वेल्स सज्ज करून पाठवली. दोन्ही वेळा ब्रिटिश नौदलाची यथेच्छ टिंगल झाली. मी उलट म्हणेन, दुसरी नौका बांधली ती याचसाठी. दोन नौका म्हणजे दुप्पट ताकद नव्हे. दोन नौका म्हणजे कुठल्याही दिवशी एक तरी हाताशी असण्याची शक्यता.

हे झालं लोखंडाचं. पण मला खरं बोलायचंय ते डेकबद्दल.

अमेरिकी नौकेवर उड्डाणं सुरू होण्याआधी माणसं डेकच्या रुंदीभर एका रांगेत उभी राहतात आणि माना खाली घालून हळूहळू चालत जातात. काय शोधतात? एखादा सुटा स्क्रू, तारेचा तुकडा, खडा. जेट इंजिनानं तो आत ओढला की करोडोंचं इंजिन गेलं, कदाचित वैमानिकही. मग रंग सुरू होतात. पिवळ्या जर्सीतली माणसं विमानं हलवतात, हिरव्यातली कॅटापुल्ट आणि तारा सांभाळतात, जांभळ्यातली इंधन भरतात, लाल म्हणजे दारूगोळा आणि अपघातपथक, तपकिरी जर्सीवाल्याच्या ताब्यात त्याचं एक विमान. आवाजात बोलणं ऐकूच येत नाही, सगळं हातांच्या खुणांवर चालतं.

उड्डाणाआधी हिरव्या जर्सीतला एकजण वैमानिकासमोर आकड्यांची पाटी धरतो. त्यावर विमानाचं वजन असतं. वैमानिक खुणेनं होकार देतो, मगच कॅटापुल्टचा जोर ठरतो. वजन चुकलं, जोर कमी पडला, तर विमान उडण्याऐवजी नौकेच्या नाकासमोर पाण्यात. उतरतानाही तेच. डेकखालच्या यंत्रावर येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे तारेचा ताण लावावा लागतो. आणि चाकं डेकला टेकली की वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोर देतो, कारण हूक तारेत अडकला नाही तर त्याच वेगात पुन्हा हवेत जायला हवं. अंधारात, हलत्या डेकवर, हे एकामागून एक.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या आयझेनहॉवर नौकेवर एक हॉकाय हे टेहळणी विमान उतरलं, तार अडकली आणि तुटली. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं आणि पाण्याला टेकायच्या आत वैमानिकांनी ते वर उचललं. तुटलेल्या तारेच्या फटक्यानं डेकवरचे आठजण जखमी झाले. चौकशीत कारण निघालं देखभालीतली चूक, तारेचा ताण सांभाळणाऱ्या यंत्राच्या कामातली एक पायरी सुटली होती. अनेक दशकं हेच करत आलेल्या नौदलात हे होतं. १९६७ मध्ये अमेरिकेच्याच फॉरेस्टल नौकेवर एक रॉकेट चुकून सुटलं आणि त्या आगीत १३४ माणसं गेली. आज आगीशी लढायचं जे शिक्षण नौसैनिकांना मिळतं, त्यात त्या आगीचे धडे आहेत. हे ज्ञान असं जमतं, माणसं गमावून. ते विकत मिळत नाही.

म्हणून चीनबद्दल बोलताना मी दोन्ही टोकं टाळतो. युक्रेनमधून अर्धवट सांगाडा आणून २०१२ मध्ये लिआओनिंग सेवेत घेतली, २०१९ मध्ये शानदोंग, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट असलेली फुजियान. हा वेग थक्क करणारा आहे, त्याला नाक मुरडणं मूर्खपणाचं ठरेल. पण पहिल्या दोन नौका स्की-जंपच्या आहेत, म्हणजे तिथे विमान कॅटापुल्टशिवाय डेकच्या वर वळलेल्या टोकावरून स्वतःच्या जोरावर उडतं. कॅटापुल्टवर भरगच्च वजनाची विमानं रात्रंदिवस उडवणारं डेकपथक घडायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याही गोदीत वाचवता येत नाही. भारताचंही तसंच. २०२२ मध्ये स्वतः बांधलेली विक्रांत नौदलात आली याचा अभिमान आहेच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते १९६१ पासून न तुटलेलं डेकचं काम: जुनी विक्रांत, मग विराट, मग विक्रमादित्य. ही साखळी एकदा तुटली की पुन्हा जोडणं किती कठीण असतं, ते ब्राझीलला विचारा. त्यांची विमानवाहू नौका साओ पाओलो निवृत्त झाली, भंगारासाठी तुर्कीला निघाली, पण तिच्या अंगातल्या घातक ॲस्बेस्टॉसमुळे तुर्कीनं ती येऊ दिली नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती अटलांटिकमध्ये बुडवावी लागली. आता त्यांच्याकडे ब्रिटनकडून घेतलेली अटलांटिको आहे, हेलिकॉप्टरवाहू.

या हेलिकॉप्टरवाहू नौकांना तर तक्त्यात सावत्र वागणूक असते. कोणी त्या मोजतो, कोणी गाळतो. खरं तर त्यांचं काम वेगळं आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या जास्त जवळचं. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिनामधल्या फॉकलंड बेटांच्या युद्धात अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्रानं पेटलं आणि त्यावरची तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली. सुदैवानं हवेत असलेलं एक तेवढं वाचलं. मग शेकडो ब्रिटिश सैनिक पाठीवर ओझी घेऊन थंडी-चिखलातून बेट तुडवत गेले. हेलिकॉप्टर नसलं की काय होतं ते तिथे कळलं. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या किनाऱ्याबाहेर अब्राहम लिंकन उभी राहिली, तेव्हा तिच्या लढाऊ विमानांचा काडीचा उपयोग नव्हता. रस्ते वाहून गेलेल्या गावांत पाणी आणि अन्न पोचवलं ते हेलिकॉप्टरांनी. थायलंडच्या चक्री नारुबेत या नौकेवर लोक हसतात, कारण तिची हॅरियर विमानं २००६ मध्येच निवृत्त झाली. पण पुरात अडकलेल्या माणसांसाठी ती गेली आहे, आणि ते काम मला दिखाऊ वाटत नाही.

आता तर रकानेच मोडायला लागलेत. तुर्कीची अनादोलू ही नौका एफ-३५बी हे अमेरिकी लढाऊ विमान डोळ्यांसमोर ठेवून बांधली, २०१९ मध्ये तुर्कीला त्या विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या छोट्या डेकवरून बायरक्तार टीबी-३ ड्रोन उडालं आणि उतरलं. पुढच्याच महिन्यात चीननं सिचुआन पाण्यात उतरवली: सैन्य उतरवणारी नौका, पण डेकवर कॅटापुल्ट. ड्रोनमध्ये वैमानिक नसला तरी वाऱ्यात त्याला साखळदंडानं बांधणारा, इंधन भरणारा, डेकवरचा स्क्रू उचलणारा माणूस लागतोच. पुढची काही वर्षं माझं लक्ष या दोन नौकांच्या डेकवर आहे: एका दिवसात किती उड्डाणं, रात्री किती, आणि खवळलेल्या समुद्रात किती.