सॉसेज स्टफिंग टर्कीच्या पोटात शिजलं तरच खरं?

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाचा गुरुवार जवळ आला की सॉसेज स्टफिंगची, म्हणजे भाजलेल्या टर्की पक्ष्याबरोबर वाढायच्या पाव-सॉसेजच्या सारणाची, ‘जुन्या पद्धतीची, बिनकटकटीची’ म्हणून एक कृती हमखास फिरू लागते. तिचा गोषवारा असा: पाव दोन दिवस ठेवून शिळा करा. कोणतंही सॉसेज घ्या आणि कच्चंच कांदा-सेलरीबरोबर त्यात कुस्करा. स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) सढळ हाताने ओता. आदल्या रात्री सगळं टर्कीच्या पोटात ठासून भरा, टर्की झाली की स्टफिंगही झालं. आणि वर ताशेरा, की ट्रेमध्ये वेगळं भाजलेलं ते खरं स्टफिंगच नव्हे.

या कृतीत कांदा आणि सेलरी एवढंच बिनचूक आहे.

‘पाव शिळा हवा.’ पाव कोरडा हवा. शिळा आणि कोरडा या वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला पावही शिळा होतो, पाणी कुठेही न जाता. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचला जातो. शिळेपणा मुख्यतः हाच. म्हणून तर कालची पोळी तव्यावर गरम केली की मऊ पडते. तिच्यातलं पाणीच उडालं असतं तर ती आणखी कडक झाली असती. शिळा पाव ओव्हनमध्ये गेला की त्याचंही तेच होतं: तो पुन्हा नरम पडतो, आणि आत पाणी आधीच भरलेलं असल्याने स्टॉकला जागा उरत नाही. मग स्टफिंग वरून चिंब आणि आतून चिकट लगदा.

त्यापेक्षा ताजा पाव घ्या, पण नीट वाळवा. ४५० ग्रॅम पावाचे २ सेंटिमीटरचे तुकडे दोन ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि २७५ अंश फॅरेनहाइटला (१३५ सेल्सिअस) ४५ ते ५० मिनिटं ठेवा. मध्ये एकदा हलवा. तुकडा चिमटीत मोडला तर आतपर्यंत कुरकुरीत हवा, पण तांबूस झालेला नको. वजन साधारण ३०० ग्रॅमवर आलं की झालं. पाव बिनगोडाचा हवा. भारतात करत असाल तर बाजारातला नेहमीचा सँडविच ब्रेड गोडसर लागतो, त्यापेक्षा गोव्यातला उंडो कितीतरी बरा.

‘सॉसेज कच्चंच घाला, आपोआप शिजेल.’ शिजेल, पण वाफेवर. करड्या रंगाच्या रबरी गोळ्या होतील आणि सुटलेली चरबी पाव पिऊन टाकेल. सॉसेजची खरी चव पातेल्याच्या बुडाला लागलेल्या तपकिरी थरात असते, आणि तो थर वाफेत धरत नाही. ४५० ग्रॅम सॉसेज जाड बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर पसरा आणि तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. मग उलटा आणि उलथन्याने हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे मोठे तुकडे करा. अख्खे मोठे गोळे राहिले की स्टफिंग वाढताना एकाच्या ताटात चार आणि दुसऱ्याच्या ताटात नुसता पाव. चरबी दोन मोठे चमचे ठेवून बाकीची काढा. त्यातच ८५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, दोन कांदे आणि सेलरीचे चार दांडे बारीक चिरून घाला. कांदा पारदर्शक झाला, की दोन पाकळ्या लसूण, दोन चमचे सुका सेज हा सुगंधी पाला (ताजा असेल तर दोन मोठे चमचे) आणि मिरपूड. शेवटी थोडा स्टॉक ओतून बुडाचा थर खरवडून घ्या. तो टाकून देणं म्हणजे फोडणी करून तेल ओतून देण्यासारखं आहे.

‘कोणतंही सॉसेज चालतं.’ नाही. इथे हवं ते कच्चं, सुटं डुकराच्या मांसाचं सॉसेज: सेज आणि मिरी घातलेलं ब्रेकफास्ट सॉसेज, किंवा बडीशेप घातलेलं इटालियन. शिजवून धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या पावात मिसळत नाहीत, वेगळ्या पडतात.

याला एक सुरेख अपवाद आहे. मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड भागात पोर्तुगीज वंशाची घरं स्टफिंगमध्ये शोरिसो हे पोर्तुगीज सॉसेज घालतात, पण बारीक करून. गोव्याचा चोरीस हा त्याच शब्दाचा भाऊबंद. नाताळात भाजायच्या कोंबडीबरोबर चोरीसचं स्टफिंग करायचं तर मात्र अमेरिकन प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. चोरीसमध्ये व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची ठासून असते. ४५० ग्रॅमच्या जागी १५० ग्रॅम पुरे. आवरण काढा, अर्धी वाटी पाण्यात झाकून १५-२० मिनिटं शिजवा, चरबी सुटली की त्यातच कांदा परता. लोणी निम्मं, स्टॉक बिनमिठाचा, वेगळं मीठ शून्य. सेजही नको, व्हिनेगरशी त्याचं पटत नाही. (भारतातून चोरीस बॅगेत घालून अमेरिकेत नेण्याच्या भानगडीत पडू नका. डुकराच्या मांसाला तिथे बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.)

‘स्टॉक सढळ हाताने.’ ३०० ग्रॅम वाळलेल्या पावाला ६०० मिलिलिटर. त्यातला ४५० आधी ओता, हलक्या हाताने कालवा, दहा मिनिटं थांबा. मग चव घेऊन मीठ ठरवा, कारण सॉसेज, पाव आणि विकतचा स्टॉक, तिन्ही खारट असतात. त्यानंतर उरलेल्या कोमट स्टॉकमध्ये दोन अंडी फेटून घाला. स्टॉक कढत असेल तर अंड्याच्या गुठळ्या होतात. मूठभर मिश्रण दाबलं तर मुटक्यासारखं धरावं, बोटांतून पाणी निथळू नये. अंडं नसेल तर तुकडे सुटे राहतात. ते कुणाला आवडतही असेल, पण सुरीने वडी कापता येणार नाही.

‘आदल्या रात्री भरून ठेवा.’ हा मुद्दा चवीचा नाही. अमेरिकेचं कृषी खातं भरलेली कच्ची टर्की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका असं स्पष्ट सांगतं. पाच-सहा किलोच्या पक्ष्याच्या मधोमध असलेला ओला पाव फ्रिजमध्ये लवकर गार होत नाही, आणि सकाळी ओव्हनमध्ये लवकर तापतही नाही. ४० ते १४० फॅरेनहाइट (४ ते ६० सेल्सिअस) या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि हे मिश्रण तिथेच तासन्‌तास रेंगाळतं. त्यात कच्च्या टर्कीचा रस मुरत असतो, आणि वर तुमचं सॉसेजही कच्चं.

तयारी आदल्या दिवशी जरूर करा, पण टर्कीबाहेर. वाळलेला पाव डब्यात, परतलेलं सॉसेज आणि स्टॉक गार करून फ्रिजमध्ये. सकाळी एकत्र करायला दहा मिनिटं लागतात.

‘टर्की झाली की स्टफिंग झालं.’ सगळ्यात घातक वाक्य हे. उष्णता बाहेरून आत येते, म्हणजे पोटाच्या मधला भाग सगळ्यात शेवटी तापतो. छातीचं मांस १६५ फॅरेनहाइटला (७४ सेल्सिअस) पोहोचतं तेव्हा आतलं स्टफिंग बरंच मागे असू शकतं, आणि त्यालाही मधोमध १६५ लागतातच. स्टफिंगसाठी थांबलात तर छाती भुश्शासारखी कोरडी. न थांबलात तर पाहुणे आजारी. मांस शिजल्याची खूण म्हणून टर्कीत खोचून येणारं प्लॅस्टिकचं बटण वर आलं तरी ते स्टफिंगबद्दल काहीही सांगत नाही. ठासून भरल्याने काम आणखी बिघडतं, कारण पाव फुगतो आणि घट्ट गोळ्यात उष्णता शिरत नाही.

भरायचंच असेल तर सॉसेज पूर्ण शिजवलेलं हवं, मिश्रण गरम हवं, भरणं सैल हवं आणि भरल्या क्षणी टर्की ओव्हनमध्ये हवी, ३२५ फॅरेनहाइटच्या खाली नाही. टर्कीच्या दर पौंडाला पाऊण कप एवढंच. स्टफिंगच्या मध्यात थर्मामीटर घाला. बाहेर काढल्यावर २० मिनिटांनी पोट रिकामं करा.

‘ट्रेमधलं ते खरं नव्हे.’ भरल्या वांग्यांचा उरलेला मसाला रश्शात सोडला म्हणून तो मसाला राहत नाही, असं कुणी म्हणतं का? अमेरिकेच्या दक्षिणेत ट्रेमधल्या प्रकाराला कित्येक घरं ड्रेसिंग म्हणतात आणि मक्याच्या पावाचं करतात. आणि १९७२ साली बाजारात आलेलं ‘स्टोव्ह टॉप’ या तयार स्टफिंगचं पाकीट तर टर्कीविनाच, गॅसवर व्हायचं. ते सर्रास स्टफिंग म्हणूनच खाल्लं जातं.

टर्कीच्या रसाची चव हवी ही मागणी मात्र रास्त आहे. त्यासाठी टर्कीची मान आणि पंखांची टोकं भाजून, कांदा-सेलरी घालून दोन तास मंद उकळा आणि तोच स्टॉक वापरा. मग ९ बाय १३ इंचांच्या ट्रेला लोणी लावा, मिश्रण न दाबता पसरा, फॉइलने झाका आणि ३५० फॅरेनहाइटला (१७५ सेल्सिअस) ३५ मिनिटं ठेवा. फॉइल काढा, ४०० फॅरेनहाइट (२०० सेल्सिअस) करा, आणखी १५ ते २० मिनिटं. मध्यात १६५ दिसले पाहिजेत. वरचे कोपरे कुरकुरीत आणि खाली खिरीसारखं मऊ, हे टर्कीच्या पोटात कधीच जमत नाही. तिथे कुरकुरीत व्हायला कोरडी हवाच नसते.