खाजणाचे बांध पोर्तुगीजांनी घातलेले नाहीत

एका लेखात ‘पोर्तुगीजांनी गोव्यात कोमुनिदाद पद्धत आणली’, म्हणजे गावाने जमीन सामायिकपणे सांभाळण्याची पद्धत त्यांनी सुरू केली, असे म्हटले आहे, ते दुरुस्त करायला हवे. तिसवाडी 1510 मध्ये आणि बार्देश-साष्टी 1543 मध्ये त्यांच्या हाती आली. हीच पद्धत ‘गावकरी’ या नावाने मात्र त्याआधीपासून चालत होती. 1526 च्या अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या फोरालमध्ये (सनदेत) तिचे रीतिरिवाज फक्त लिहून काढले गेले. कोमुनिदाद हे नाव तेवढे त्यांचे.

गावकरीचे मोठे काम म्हणजे खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली सखल शेतजमीन, राखणे. चिखलाचा बांध, पाण्याच्या बाजूने चिऱ्यांची रचाई आणि खाडीच्या तोंडाशी मानस, म्हणजे पाण्याची ये-जा रोखणारे दार. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी लोटून उघडतात. म्हणून पावसाळ्यात कोरगूट हे खारेपणा सोसणारे भात पिकते. बांधाला खेकड्यांची बिळे पडतात, ती वेळेत चिखलाने बुजवली नाहीत तर उधाणाला भगदाड पडते. एकदा खारे पाणी शिरले की मीठ धुऊन निघायला पाऊसच हवा, आणि एक पावसाळा बहुधा पुरत नाही.

1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरचा भाग लेखात दोन ओळींत उरकला आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती यांनी कुळांना जमीन मिळाली, ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी गावकरीकडून कूळ संघटनांकडे गेली आणि देखरेख विस्कटली. मासळीसाठी भरतीलाच मानशी उघड्या ठेवण्याचे प्रकार वाढले. कित्येक शेते अशीच खारफुटीखाली गेली आहेत.