उंची मोजून रिसीव्हर निवडायचा नसतो

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर मोठाच हवा, वेगवान नसला तरी चालेल, असं ठासून सांगणारा एक मराठी व्हिडिओ सध्या इथल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. न्यू जर्सीतून आला, बे एरियातून आला, मी दोन्ही वेळा सोडून दिला. मग तो डॅलसहून ताईने पाठवला आणि खाली विचारलं की आपल्या तेरा वर्षांच्या पोराला रिसीव्हर म्हणून खेळवण्यात काही अर्थ आहे का. आता गप्प बसणं शक्य नाही.

व्हिडिओतले मुद्दे असे. थोर रिसीव्हर सगळे धिप्पाड होते. वेग शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. लहान चणीचे खेळाडू लवकर मोडतात. एन्ड झोनजवळ, म्हणजे चेंडू नेऊन गुण करायच्या मैदानाच्या टोकाच्या पट्टीजवळ, फक्त उंचीच कामाला येते. म्हणून संघाने सगळे रिसीव्हर सहा फूट तीन इंचांच्या वरचेच घ्यावेत, आणि आपल्या मुलांनी एक तर उंची-वजन वाढवावं किंवा हा खेळ सोडावा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर ठरलेल्या वाटेने पळत जाऊन तो झेलतो. या ठरलेल्या वाटेला रूट म्हणतात. समोरचा कॉर्नरबॅक त्याच्या मागावर असतो आणि तो झेल होऊ नये म्हणून झटतो. चेंडू पोचेल त्या क्षणी कॉर्नरबॅकपासून मोकळं असणं हे रिसीव्हरचं काम. उंची, वजन, वेग, पायांची चलाखी ही सगळी मोकळं होण्याची साधनं आहेत. व्हिडिओ बनवणाऱ्याने एक साधन उचललं आणि तेच काम आहे असं समजला.

थोर रिसीव्हरांचं आधी बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये कारकिर्दीतल्या एकूण यार्डांच्या (म्हणजे चेंडू झेलून मिळवलेल्या अंतराच्या, एक यार्ड तीन फुटांचा) यादीत जेरी राइस, लॅरी फिट्झजेराल्ड, टेरेल ओवेन्स आणि रँडी मॉस हे पहिले चौघेही सहा फूट दोन इंच किंवा त्याहून उंच. हे मान्य. माइक इव्हान्स सहा फूट पाच इंचांचा आहे आणि २०१४ पासून सलग ११ हंगाम त्याने हजार यार्डांच्या वर काढले, हेही मान्य. पण याच यादीत पहिल्या दहांमध्ये पाच फूट नऊ इंचांचा स्टीव्ह स्मिथ १४,७३१ यार्ड घेऊन उभा आहे, आणि त्याचं नावही व्हिडिओत नाही. टायरीक हिल पाच फूट दहा इंचांचा. त्याने २०२३ च्या हंगामात १,७९९ यार्ड काढले. शिवाय ज्या कॅल्विन जॉन्सनचा व्हिडिओत इतका उदोउदो आहे, तो सहा फूट पाच इंचांचा माणूस ४० यार्ड ४.३५ सेकंदांत पळायचा. रँडी मॉसच्या वेगाबद्दल तर बोलायलाच नको. हे दोघे मोठे होते आणि जबर वेगवानही होते. 'वेगवान नसला तरी चालेल' याचा पुरावा म्हणून त्यांची नावं घेणं ही सरळसरळ दिशाभूल आहे.

वेग शिकवता येतो, हा मुद्दा ऐकून मला खरंच राग आला. कुठल्याही ट्रॅकच्या प्रशिक्षकाला विचारा. सरावाने सुरुवातीची पावलं सुधारतात, धावण्याची ढब सुधारते, पण मुळातला पळण्याचा वेग बराचसा जन्मजात असतो. शिकवता येते ती रूट पळण्याची कला: केव्हा वेग कमी करायचा, कुठल्या पायावर वळायचं, कॉर्नरबॅकला कसं फसवायचं. जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून आला, १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, १६ वा निवडला गेला. सरळ रेषेत त्याच्याहून जोरात पळणारे कितीतरी होते. तरी त्याचे २२,८९५ यार्ड आजही कुणाच्या आवाक्यात नाहीत. कूपर कप हा रिसीव्हर २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला, ४० यार्ड ४.६२ सेकंदांत, म्हणजे या धंद्यात संथच. २०२१ मध्ये त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (एन्ड झोनमध्ये चेंडू नेऊन गुण मिळवणं) केले आणि तिन्ही आकड्यांत तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता.

याचा अर्थ मी वेगाची पूजा करतोय असा नाही. जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम तो. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नववा निवडला आणि पदरी निराशा आली. नुसतं घड्याळ बघून निवडणारे फसतात, तसेच नुसती मोजपट्टी बघून निवडणारेही फसतात.

तरीही दोन्हींत एकच मिळणार असेल तर काय? हिशोब करून बघा. ४० यार्ड ४.४ सेकंदांत पळणारा रेषेवर पोचतो तेव्हा ४.६ वाला निदान पावणेदोन यार्ड मागे असतो, म्हणजे पाच फुटांहून जास्त. सहा फूट पाच आणि पाच फूट दहा यांतला फरक सात इंचांचा, लांब हात धरले तर आणखी काही इंच. लांबच्या पासवर कॉर्नरबॅक पाच फूट मागे पडला असेल तर उंच उडी मारण्याची गरजच उरत नाही. दहा यार्डांच्या छोट्या रूटवर हा फरक तयार होत नाही, तिथे थांबणं-वळणंच उपयोगी पडतं. दोन्हीकडे नुसती उंची दुय्यम आहे. त्यात नियमही बदलले. १९७८ पासून बचावपटूला पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करता येत नाही आणि २००४ पासून पंच हा नियम कडकपणे लावतात. अंगाने दांडगा असण्याचा पूर्वीचा मोठा फायदा तिथेच कमी झाला.

आता मुलांचा मुद्दा. बाकी सगळं चुकीचं आहे, हे मात्र घातक आहे. व्हिडिओच्या शेवटी तो माणूस बारा-चौदा वर्षांच्या मुलांना 'हाइट पावडर' द्या, रोज जादा खाऊ घालून वजन वाढवा, असं सांगतो. हाडं लांबीला वाढतात ती त्यांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून. वयात येणं संपत आलं की त्या पट्ट्या बंद होतात. उंची मुख्यतः आईवडिलांकडून येते. पुरेसं जेवण, झोप आणि आजारपणापासून बचाव यांनी ती तिच्या मर्यादेपर्यंत पोचते. नीट खाणाऱ्यापिणाऱ्या, निरोगी मुलाला कुठल्याही डब्यातली पावडर त्या मर्यादेपलीकडे नेत नाही. अमेरिकेत असे पूरक पदार्थ विकण्याआधी ते खरोखर काम करतात हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही, १९९४ च्या कायद्याने तशी मोकळीक आहे. डब्यावर काय छापलंय याला म्हणूनच फार किंमत देऊ नका. वाढीबद्दल खरोखर शंका असेल तर मुलांच्या डॉक्टरकडे जा, ते वाढीचा तक्ता बघून सांगतील.

आणि तेराव्या वर्षी कोण मोठा आहे यावरून काय ठरवणार? एक मुलगा बाराव्या वर्षीच मिसरूड फुटून सुटतो, दुसरा पंधराव्या वर्षी. आज वर्गात सर्वांत उंच असलेला पोरगा तीन वर्षांनी मधल्या रांगेत असू शकतो. लवकर वाढलेल्या मुलाला प्रशिक्षक रिसीव्हर करतात, तो सगळे चेंडू नुसते वरून काढून घेतो, रूट शिकतच नाही, आणि बाकीचे त्याच्या उंचीला पोचले की त्याच्या हाताशी काही उरत नाही. उलट लहान मुलाला मोकळं होण्यासाठी पहिल्या दिवसापासून डोकं आणि पाय वापरावे लागतात. त्याच्या अंगावर दहा किलो चढवले तर त्याचं पहिलं पाऊल जड होईल, गुडघ्यांवर भार येईल, म्हणजे जे आहे तेही जाईल.

ताई, तू शाळेच्या खो-खो संघात होतीस. पाठलाग करणारी जवळ आली की तू खांदा एकीकडे झुकवून दुसरीकडे निसटायचीस. त्या हुलकावणीला तुझी उंची कुणी विचारली नव्हती. पोरगा ज्या फ्लॅग फुटबॉलमध्ये खेळतो त्यात तर अंगाला भिडायचंच नसतं, कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. हाच प्रकार, पाच-पाच खेळाडूंचा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे वजन वाढवून काय मिळवायचंय? त्याला खेळू दे.

लहान चणीचे लवकर मोडतात म्हणे. कॅल्विन जॉन्सन शरीर थकलं म्हणून तिशीतच निवृत्त झाला, स्टीव्ह स्मिथ ३७ व्या वर्षापर्यंत खेळला. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण व्हिडिओवाल्याने तर एकाही माणसाचं उदाहरण दिलेलं नाही.

आता सगळेच्या सगळे रिसीव्हर उंच घेण्याचा सल्ला. हा प्रयोग एका संघाने खरोखर केला आहे आणि त्याचं काय झालं ते नोंदीत आहे. कॅरोलिना पँथर्सने मार्च २०१४ मध्ये स्टीव्ह स्मिथला, म्हणजे २००५ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये अव्वल ठरलेल्या आपल्याच खेळाडूला, सोडून दिलं. दोन महिन्यांनी ड्राफ्टमध्ये २८ वा खेळाडू म्हणून केल्विन बेंजामिनला घेतलं: सहा फूट पाच इंच, २४० पाउंड. पुढच्या वर्षी दुसऱ्या फेरीत सहा फूट चार इंचांचा डेव्हिन फंचेस घेतला. हेतू स्पष्ट होता. त्यांचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याचे पास वरच्या अंगाने जातात, तेव्हा मोठी लक्ष्यं द्या.

पहिल्या हंगामात बेंजामिनने ७३ झेल, १,००८ यार्ड आणि नऊ टचडाउन केले. नवख्यासाठी उत्तम, नाकारत नाही. पण त्याच्याकडे फेकलेल्या चेंडूंपैकी जेमतेम निम्मे त्याने झेलले, कारण तो मोकळा होत नसे, दर वेळी कॉर्नरबॅकच्या डोक्यावरून झगडून घ्यावं लागे. त्याच वर्षी ३५ वर्षांच्या स्मिथने बाल्टिमोरकडून ७९ झेल आणि १,०६५ यार्ड काढले. कॅरोलिनाविरुद्धच्या सामन्यात त्याने १३९ यार्ड आणि दोन टचडाउन केले, बाल्टिमोर ३८-१० ने जिंकलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये सरावात बेंजामिनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि तो अख्ख्या हंगामाला मुकला. व्हिडिओचं खरं मानलं तर कॅरोलिना कोलमडायला हवी होती. ती १६ पैकी १५ सामने जिंकली, ५०० गुण करून लीगमध्ये पहिली आली आणि सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेली. तिथे डेन्व्हरने तिला २४-१० ने हरवलं, तो भाग वेगळा. त्या वर्षी कॅरोलिनाच्या रिसीव्हरांमध्ये सर्वांत जास्त टचडाउन, दहा, कुणी केले? टेड गिन ज्युनियरने, ज्याची सगळी ओळख वेगाची. तो सोपे झेलही सोडायचा, त्यावरून आम्ही टीव्हीसमोर हळहळायचो. पण तो सरळ खोलवर पळाला की समोरच्या सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, मागे हटावंच लागे, आणि मधली मोकळी झालेली जागा ग्रेग ऑल्सनला मिळे. ऑल्सन टाइट एन्ड, म्हणजे झेलही घेणारा आणि समोरच्यांना अडवणाराही दांडगा खेळाडू, सहा फूट पाच इंचांचा, त्याने त्या हंगामात संघात सर्वाधिक ७७ झेल आणि १,१०४ यार्ड काढले. कुणी म्हणेल, बघा, उंच माणूसच. हो, उंच माणूस, आणि त्याला जागा करून देणारा वेगवान माणूस शेजारी. हीच गोष्ट व्हिडिओवाल्याला दिसत नाही. सगळेच ऑल्सन घेतलेत तर सेफ्टीला मागे हटायचं कारणच राहत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅरोलिनाने बेंजामिनला बफेलोकडे देऊन टाकलं. बफेलोनेही त्याला पुढच्याच हंगामात सोडलं.

राहता राहिलं एन्ड झोनजवळचं. इथे व्हिडिओचं म्हणणं बरंच बरोबर आहे. एन्ड झोन दहाच यार्ड खोल असतो, मागची रेषा आली की पळायला जागा संपते, वेग वाया जातो, आणि कोपऱ्यात वर फेकलेला चेंडू उंच माणसाच्याच हाताला लागतो. त्यासाठी एक उंच रिसीव्हर किंवा चांगला टाइट एन्ड संघात जरूर असावा. पण संघाचे बहुतेक डाव त्या शेवटच्या पट्टीपासून लांबच खेळले जातात, आणि तिथवर चेंडू आणायचा कुणी, याचं उत्तर व्हिडिओत नाही. शिवाय उंची असली की टचडाउन आपोआप होतात असंही नाही. कॅल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये एका हंगामात १,९६४ यार्डांचा विक्रम केला. त्याच हंगामात त्याचे टचडाउन फक्त पाच होते, आणि त्याचा संघ डेट्रॉइट १६ पैकी १२ सामने हरला. यात दोष जॉन्सनचा नव्हता, त्याच्या जोडीला दुसरीकडे बचाव ताणून धरणारं कुणी नव्हतं आणि सगळा बचाव त्याच्याच अंगावर यायचा. व्हिडिओत १,९६४ हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतो. पाच टचडाउन आणि बारा पराभव कुठेच येत नाहीत.