आटे जुळतात, पिन जुळत नाही

ई-सिगारेटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५१० कनेक्शन’ छापणाऱ्या प्रत्येक कंपनीला एकदा समोर बसवून विचारावेसे वाटते, की या आकड्याने तुम्ही ग्राहकाला नेमका कसला शब्द देता? माझ्या टेबलावर आत्ता ५१०चा मॉड, म्हणजे बॅटरी आणि बटण असलेला खालचा भाग आहे, त्यावर पिळून बसवायचा ५१०चा टँक, म्हणजे द्रवाची टाकी आणि तो तापवणारी तारेची कॉइल असलेला अ‍ॅटोमायझर आहे, दोन्ही कोरे करकरीत आहेत, आटे शेवटपर्यंत सुरळीत बसतात, आणि बटण दाबले की पडद्यावर ‘अ‍ॅटोमायझर तपासा’ एवढेच उमटते. तपासू काय, कपाळ?

जॉयटेक या चिनी कंपनीच्या ५१० नावाच्या एका जुन्या मॉडेलवरून ही जोडणी रूढ झाली. त्या काळी ८०१, ९०१, ८०८ अशा आणखी अनेक जोडण्या होत्या, त्या मागे पडल्या आणि ५१० टिकली, म्हणून आता सगळे तिला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. पण या स्टँडर्डमध्ये ठरलेले काय आहे, तर फक्त आटे: व्यास सात मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर. वीज मात्र नुसत्या आट्यांतून वाहत नाही. आटे ऋण बाजू सांभाळतात, धन बाजू मधल्या बारीक पिनेतून येते, आणि ती पिन अ‍ॅटोमायझरच्या तळातून किती बाहेर यावी आणि मॉडमधली पिन किती खोल असावी, हे ज्याचे त्याने आपल्या मर्जीने ठरवायचे. टँकवाल्याने पिन आखूड ठेवली आणि मॉडवाल्याने खोल ठेवली, की दोघांमध्ये केसाएवढी फट राहते आणि दोघेही आपापल्या जागी ‘५१०’च असतात.

यावर उपाय म्हणून मॉडमध्ये स्प्रिंगवाली पिन आली. कल्पना चांगली, पण टँकमधून पाझरलेले लिक्विड तिथेच जाऊन बसते, चिकट होते आणि पिन दबलेल्या अवस्थेतच अडकते. मग जाणकार मंडळी सल्ला देतात, की बॅटरी काढा, चिमट्याने पिन हलकेच वर ओढा, इअरबडने पुसून घ्या. पन्नास पाउंड मोजून घेतलेल्या वस्तूवर घड्याळजीसारखे चिमटा घेऊन बसायचे, आणि त्यालाच ‘नियमित देखभाल’ म्हणायचे!

बरे, संपर्क झाला म्हणून प्रश्न मिटतो असेही नाही. टँक किंचित सैल राहिला, तर ०.१५ ओहमची कॉइल पडद्यावर कधी ०.१८ तर कधी ०.२१ दिसते, तो सैल राहू नये म्हणून घट्ट पिळला, तर पिन आणखी खाली दबते आणि पुढचा टँक तिला टेकतच नाही. तापमान नियंत्रणाची तर पुरती वाट लागते, कारण त्यात तापमान मोजणारा वेगळा सेन्सर नसतो. तार तापली की तिचा रोध किती वाढला, यावरून यंत्र तापमानाचा अंदाज बांधते. स्टीलच्या तारेत हा फरक मुळातच थोडा असतो, त्यात सैल पिनेने दोन-तीन शतांश ओहमची स्वतःची भर घातली, की यंत्र तार थंड असतानाच ‘तापमान गाठले’ असे जाहीर करून वीज तोडते. वर दर वेळी विचारते, ‘नवी कॉइल की जुनी?’ अरे, तीच आहे! सकाळपासून तीच आहे!

इथवर निदान चरफडण्यावर निभावते. हायब्रिड जोडणीच्या मेकॅनिकल, म्हणजे संरक्षक सर्किट नसलेल्या मॉडमध्ये मात्र अ‍ॅटोमायझरची पिन थेट बॅटरीवर टेकते, आणि ती आट्यांच्या पुढे नीट आलेली नसेल, तर आटेच बॅटरीच्या धन टोकाला लागून सरळ शॉर्टसर्किट होते. त्यातल्या १८६५० मापाच्या लिथियम बॅटरीच्या बाबतीत हा विनोद नव्हे. तरीही त्या खोक्यावर तोच आकडा, त्याच टाइपात.

२२ मिलिमीटरच्या मॉडवर २५चा टँक कडेने बाहेर लोंबतो, किंवा जोडणी खोलगट असेल तर रुंद बुडाचा टँक खाली बसतच नाही. मग अ‍ॅडॉप्टर घ्या. ८१० मापाच्या ड्रिप टिपमध्येही, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतही, रबरी रिंग टिपवर की टँकच्या टोपीत, यावरून दोन तट आहेत. पॉडवाल्यांनी, म्हणजे छोट्या बदलत्या टाकीची ई-सिगारेट बनवणाऱ्यांनी, तर लाजच सोडली आहे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची कॉइलही अनेकदा एकमेकांना चालत नाही.

टाकीत २ मिलिलिटरहून जास्त द्रव मावू नये आणि निकोटीनची बाटली १० मिलिलिटरहून मोठी असू नये, हे इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या २०१६च्या नियमांत आहे. पिनेबद्दल त्यात चकार शब्द नाही. इथल्या बी२२ होल्डरमध्ये, म्हणजे बल्ब दाबून फिरवायच्या नेहमीच्या होल्डरमध्ये, कोणत्याही दुकानातला बी२२ बल्ब बसतो आणि पेटतो, तोच पुण्यातही पेटतो. मग हे एवढेसे का जमू नये? भारतात २०१९पासून या वस्तूंवर बंदीच असल्याने पुण्याच्या भावाकडे गाऱ्हाणे मांडण्याचीही सोय नाही. ‘सोडून दे’ म्हणतो, आणि विषय संपतो.

दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: मॉड चालतो, टँकही चालतो, आणि उघडलेला माल ‘आरोग्याच्या कारणास्तव’ परत घेता येत नाही. ते कारण मन बदलून ऑनलाइन खरेदी रद्द करण्यापुरते आहे, महाशय. माल वर्णनाप्रमाणे नसेल, तर इथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत पैसे परत मागता येतात, आणि वर्णन तुमच्याच खोक्यावर छापलेले आहे. शनिवारी मी दोन्ही वस्तू घेऊन येतो. काउंटरवर तुम्हीच जोडा, तुम्हीच बटण दाबा.