‘क’ तुकडीचा जर्मनवाला

चौथीनंतर कोणत्या शाळेत जावं हे सांगणारं मुलीचं शिफारसपत्र इथल्या जर्मन शाळेतून आलं, त्याच संध्याकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर वाद पेटला होता. महाराष्ट्रानं डिसेंबर 2023 मध्ये नियम बदलून पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणल्या. नापास झाल्यावर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. साताऱ्याच्या एका मित्रानं लिहिलं, “बरं झालं. आता जर्मनीसारखं करा. ज्याला झेपत न्हाई त्याला आठवीतूनच आयटीआयला घाला.” आणि खाली मला टॅग: “काय जर्मनवाले, बरोबर ना?”

टॅग करणारा ‘अ’ तुकडीचा. मी ‘क’चा. तीस वर्षं होऊन गेली तरी दोघांनाही हे पाठ आहे.

आमच्याकडे मार्कांवर तुकड्या पडायच्या. ‘अ’ला सकाळी सातला स्कॉलरशिपचे जादा तास. ‘क’ला बाक उचलायला बोलवायचे, गॅदरिंग असलं की हमखास. गणिताला बरेचदा पीटीचे सर. ‘ड’ला तर ‘ढ’च म्हणायचे, शिक्षकसुद्धा. आणि ‘क’, ‘ड’मध्ये कोणत्या आळीतली, कोणत्या आडनावांची पोरं जास्त असायची, हे सांगायला नको. तुकडी मार्कांवरच पडली होती, असं हजेरीपुस्तकावरून कुणीही शपथेवर सांगितलं असतं.

आता जर्मनीचं. मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथं चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचं असताना, वाटा फुटतात. गिम्नाजियम म्हणजे विद्यापीठाकडे, रेआलशूल म्हणजे मधली वाट, आणि हाउप्टशूल म्हणजे लवकर कामाला लागायची. आमच्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, शिक्षकांची शिफारस 2012 पासून पालकांवर बंधनकारक नव्हती. आता गिम्नाजियमसाठी ती पुन्हा बरीचशी कडक झाली आहे. ‘हाउप्टशूलवाला’ ही इथल्या पोरांच्या तोंडी शिवी आहे. तो डाग पुसायला आमच्या राज्यानं बऱ्याच हाउप्टशूलांना ‘वेर्करेआलशूल’ केलं. पाटी बदलली, पोरं तीच राहिली, आणि थोड्याच दिवसांत नवीन नावाचाही तोच वास यायला लागला.

2001 च्या डिसेंबरात पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले तेव्हा हा देश हादरला होता. घरच्या परिस्थितीचं ओझं मुलाच्या मार्कांवर सगळ्यात जास्त पडतं अशा देशांत जर्मनी निघाला. पुढं हांबुर्गनं मुलं सहावीपर्यंत एकत्र शिकवायचं ठरवलं, तर जुलै 2010 च्या जनमतात लोकांनीच ते पाडलं. ‘अ’ तुकडीचे आईबाप सगळीकडे सारखेच.

कारागिरीचं शिक्षण इथं उत्तम आहे, नाही कशाला म्हणू? साडेतीन दिवस कारखान्यात, दीड दिवस शाळेत, वर पगार. आमच्या कंपनीतला फोरमन हाउप्टशूलचाच, आणि माझं डिझाइन चुकलं की तोंडावर सांगतो. पण त्याला पगार मिळतो, मास्टरची परीक्षा देऊन वर जाता येतं. आपल्याकडची मंडळी यातली फक्त चाळणी उचलतात. 2024 मध्ये महाराष्ट्रानं याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी 10 हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. येऊ देत की. पण आठवीत ‘झेपत न्हाई’ म्हणून बाजूला काढलेलं पोरगं जर्मन भाषा शिकून इथं येईल, हा हिशोब मला लागत नाही.

आणि आपल्याला शिकायला श्टुटगार्ट लागतंच कशाला? साताऱ्याच्याच सरकारी शाळेत 1900 साली आंबेडकरांचं नाव दाखल झालं आणि बसायला वेगळं गोणपाट घरून न्यावं लागलं. त्याच साताऱ्यात कर्मवीरांनी 1924 साली सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह काढलं. तिथं पोरं एका पंगतीला बसत. अलीकडचं साताऱ्याचंच कुमठे बीट, म्हणजे शाळांचा एक गट, घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळा, फरशीवर रंगवलेली अक्षरं, घोळक्यात बसून शिकणारी मुलं; राज्यभरातले शिक्षक बघायला येत. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाला त्याच कामानं बळ दिलं.

पण माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला विचारलं तर ती हसते. म्हणते, “अरे, फरशी रंगवायला आठवडा लागला. पण ‘प्रगत’ म्हटलं की लगेच ‘अप्रगत’चा रकाना आला. पूर्वी ‘ढ’ म्हणायचो, आता रजिस्टरला लिहितो, एवढाच फरक.” आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या शेजारच्या पोरालाही तिथं ‘आरटीईवाला’च म्हणतात, हेही तिनंच सांगितलं.

मुलीच्या पत्रात रेआलशूल लिहिलं आहे. बायको म्हणते, गिम्नाजियमसाठीच्या चाचणीला बसवू. मी अजून काही बोललो नाही. ग्रुपवरही काही लिहिलं नाही. ताईला फोन लावला आणि विचारलं, तू तो रकाना भरतेस का?

“भरते की. पेन्सिलीनं भरत होते. दिवाळीपर्यंत चार नावं खोडली पण. मग साहेब आले तपासणीला, म्हणाले, बाई, रेकॉर्ड पेनानंच पाहिजे.”