बापूंचा अनुप्रास आणि टिळकांचे एकवीस तास

सोसायटीच्या रविवारच्या सभेत इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव कसा आपटला हे कट्ट्यावर सर्वांनाच ठाऊक असल्याने चर्चा थेट बापूंच्या भाषणावर आली. बापू महाविद्यालयात वक्तृत्वाची ढाल जिंकलेले. चहा मागवतानाही ते एक हात छातीवर ठेवतात. ‘विश्वास, विकास आणि वैभव’ असा चढता अनुप्रास साधूनही आणि ‘छत कोसळेपर्यंत वाट पाहायची काय?’ असा सवाल टाकूनही लोक बधले नाहीत, याचे खापर ते श्रोत्यांच्या अरसिकतेवर फोडत होते.

“बापू, तळमजल्यावरच्या आजींनी त्या सवालाला मनातल्या मनात ‘हो’ असेच उत्तर दिले,” आयुर्विम्याचा एजंट असलेला आमचा दत्ता म्हणाला. “गळते ते वरच्यांचे छत. बांधकाम होईपर्यंतचे घरभाडे कोण देणार, एवढेच त्यांना हवे होते आणि नेमके तेच तुमच्या भाषणात नव्हते. श्रोता काय उत्तर देईल याची खात्री नसेल, तर असा प्रश्न सभेत टाकूच नये.”

यावर बापूंनी टिळकांना मदतीस बोलावले. हरू लागले की ते नेहमीच बोलावतात. १८९७ साली ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारणाऱ्या ‘केसरी’नेही हाच अलंकार वापरला नव्हता काय, असे त्यांनी गरजून विचारले.

“वापरला, पण ‘केसरी’च्या वाचकांसमोर, आणि त्यांचे उत्तर ठरलेलेच होते,” दत्ता शांतपणे म्हणाला. “१९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात समोर सात युरोपीय आणि दोन पारशी ज्यूरर होते. तिथे स्वतःची बाजू स्वतःच मांडताना टिळकांनी इंग्लंडच्या कायद्यातील ज्यूरीच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला, सरकारी भाषांतरातील चुका दाखवल्या आणि आपले लेख अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या, वृत्तपत्रांशी चाललेल्या वादाचा भाग म्हणून वाचावेत, असे मांडले. ऐकणाऱ्याला जे आधीच मान्य आहे तिथून निघून त्याला आपल्या मुद्द्यापर्यंत आणायचे, ही युक्तिवादाची पहिली पायरी.”

“आणि निकाल? सात विरुद्ध दोन, दोषी!” बापू उसळले. “एकवीस तासांच्या भाषणातला तर्क वाया गेला. मुंबई उच्च न्यायालयातल्या फलकावर कोरली गेली ती निकालानंतरची मोजकी वाक्ये!”

खरे सांगायचे तर हा मुद्दा बिनतोड होता आणि बापूंच्या तोंडून तो यावा याचे आम्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या शैलाताई मात्र हसल्या. ती वाक्ये ज्यूरीला पटवण्यासाठी नव्हतीच, असे त्या म्हणाल्या. शिक्षा सुनावली जाण्याच्या क्षणीही जो माणूस स्वतःला निर्दोष म्हणवतो आणि वरच्या शक्तीचा हवाला देतो, त्याच्या शब्दांना त्याच्या आयुष्याचेच तारण असते. “बापू, तुम्ही ‘विश्वास’ म्हणालात तेव्हा निम्म्या सभेला गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आठवला. तो अजून आलेला नाही.”

बापूंनी वर्गणीचा विषय सफाईने टाळला आणि मोर्चा दत्ताकडे वळवला. “पटवण्याचे एवढे शास्त्र येते, तर इतक्या वर्षांत मला एक पॉलिसी का विकता आली नाही?”

“वहिनींनी दिवाळीत तुमची ज्या कागदावर सही घेतली,” दत्ता कप खाली ठेवत म्हणाला, “तो वाचला होतात का?”

त्यानंतर कोणाचेच कोणाला ऐकू येईना.