संमती देण्याची योग्य पद्धत

‘आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो’ या वाक्याने सुरू होणारा मजकूर पडद्यावर अवतरला की तो वाचण्याचा अविचार कृपया करू नका. वर्षभरात उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाविषयीचे धोरण वाचायचे म्हटले, तर माणशी २०० हून अधिक तास लागतील, असा हिशेब कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००८ मध्येच मांडला होता, आणि तेव्हा खिशातला फोन आजच्याइतका चौकसही नव्हता. तेव्हा ठळक रंगातले ‘मान्य आहे’ दाबावे. नकाराची सोय दोन-तीन पडदे ओलांडून फिकट अक्षरांत केलेली असते, ती तुमच्या बोटांना उगाच श्रम पडू नयेत म्हणूनच.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सांगतो की संमती मोकळेपणाने, समजूनउमजून दिलेली असावी आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे. कायदा फारच भाबडा आहे. तुम्ही तसे होऊ नका.

‘तुमचे नाव काढूनच माहिती पुढे दिली जाते’ या आश्वासनावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवा. पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे ठरतात, असे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते. तुम्ही उरलेल्या १३ टक्क्यांतच असणार, याविषयी शंका कशाला?

कृत्रिम बुद्धिमत्तेची तर मुळीच धास्ती बाळगू नका. माहिती म्हणजे कपाटातली फाइल, मालकाने मागितली की काढून फाडता येते, अशाच समजुतीवर याच कायद्यातला ‘पुसून टाकण्याचा हक्क’ उभा आहे. पण तुमचे लेखन एखाद्या प्रारूपाच्या (एआय मॉडेलच्या) प्रशिक्षणात गेले की ते पाण्यात मिसळलेल्या शाईसारखे अब्जावधी आकड्यांत पसरते, आणि त्यातून नेमके तुमचे थेंब वेगळे काढण्याची खात्रीची, स्वस्त युक्ती अजून कोणाला साधलेली नाही. कायदा मोडणाऱ्या कंपनीला तिच्या जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी. शाई मात्र दंड भरल्यावरही पाण्यातच राहते.

एवढे करूनही हक्क बजावण्याची हौस फिटत नसेल, तर कंपनीकडे रीतसर अर्ज करा. तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री पटावी म्हणून ओळखपत्राची प्रत आणि चेहऱ्याचे ताजे छायाचित्र मागितले जाण्याची शक्यता आहे. निमूटपणे पाठवून द्या; त्यांच्या संग्रहात नेमके तेवढेच कमी होते.